पाटाला चाकं

सिनेमात काम करणार नाही असं मी तीन वेळा स्पष्ट सांगितलं होतं. हे आधी लिहून ठेवते, कारण मिरजेत माझ्या भावजयीने, म्हणजे रेखाने, असं पसरवलंय की आमच्या श्यामलावन्सं एकाहत्तराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात पँट घालून चाकाच्या पाटावर बसल्या आणि पोलिसांनी त्यांना डबक्यातून बाहेर काढलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण सांगायची एक रीत असते.

मी मेलबर्नला लेकाकडे आले ती फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये, तीन महिन्यांसाठी. मग विमानंच बंद झाली. ऑगस्टात इथे असा बंदोबस्त होता: घरापासून पाच किलोमीटर, दिवसातून एक तास व्यायाम, बाहेर एका वेळी दोनच माणसं, तोंडाला मास्क. लोक या एका तासाने फार हैराण झाले. मी झाले नाही. मिरजेत आमचं सायकलचं दुकान. तीस वर्षं मी गल्ल्यावर बसून तासाच्या भाड्याने सायकली दिल्यात. तास म्हणजे काय ते मला सरकारने शिकवू नये.

तर सुखदा. माझी नात, बारावीला. तिच्या शाळेत मीडिया नावाचा विषय आहे, त्यात वर्षभर खपून एक सिनेमा करायचा आणि त्याचे मार्क. तिचा सिनेमा सात मिनिटांचा, आणि विषय म्हणजे स्केटबोर्ड ही वस्तू जन्माला कशी आली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी समुद्रात फळी घेऊन लाटांवर उभी राहणारी पोरं होती. एक दिवस लाटा आल्याच नाहीत. पोरं कंटाळली. त्यांनी जुन्या रोलर स्केटची चाकं उपटून फळीला ठोकली आणि रस्त्यालाच लाट समजून सुटली. पुढे लोकांच्या कोरड्या स्विमिंग पुलांत उतरली, लोकांनी हाकललं, पोलीस मागे लागले. एवढा इतिहास.

मी म्हटलं, "यात नवीन काय? आमच्याकडे पोरं बेअरिंगची गाडी करून उतारावरून सोडायची आणि दात पाडून घ्यायची. त्याचा कुणी सिनेमा केला नाही."

"दॅट्स द पॉइंट, आजी!" सुखदा म्हणाली. पॉइंट काय ते मला कळलं नाही, पण तो माझ्या बोलण्यात होता हे ऐकून बरं वाटलं.

आता खरी गोष्ट. सुखदाला पुढे युनीत, म्हणजे विद्यापीठात, सिनेमाच शिकायचा होता आणि माझ्या लेकाला, यतिनला, तिला सिव्हिल इंजिनिअर करायचं होतं. तो स्वतः कॉम्प्युटरमधला, घरातही बोलायचं तर टाइप करून आणतो. त्याने एक कागद केला: या सिनेमाला ए मिळाला तर युनीच्या फॉर्मवर पहिली पसंती सिनेमा; ए नाही मिळाला तर सिव्हिल, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. खाली बापलेकीच्या सह्या. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. सूनबाई वीणा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. त्या दिवसांत तिचं जेवणसुद्धा उभ्याने चालायचं. तिने कागद वाचला, फ्रिज उघडला, दूध घेतलं आणि शिफ्टला गेली.

मला चौथीतून काढलं तेव्हा कुणी कागदसुद्धा केला नव्हता. म्हणून मी पोरीच्या बाजूने होते. बाकी मला सिनेमाचं काही पडलेलं नाही.

सुखदाच्या मैत्रिणी काम करणार होत्या, त्या आपापल्या घरी अडकल्या. मग राहिलो आम्ही. पहिला प्रसंग: लाटा नाहीत म्हणून निराश उभा असलेला मुलगा. समुद्र पाच किलोमीटरच्या बाहेर. त्यामुळे मागच्या अंगणात निळी चादर बांधली, आणि यतिनला हाफपँट घालून, काखेत इस्त्रीचं टेबल देऊन, चादरीकडे बघत उभं केलं. तो म्हणाला, "फक्त पाठ दिसेल असं ठरलंय हां. मला साडेदहाची मीटिंग आहे." सुखदाने त्याला सात वेळा उभं केलं. आठव्यांदा तो स्वतःच म्हणाला, "थांब, खांदे थोडे पाडतो. निराशा खांद्यात असते." मीटिंग बुडाली.

दुसरा प्रसंग: फळीला चाकं लावणं. दुकानात मिळणारा स्केटबोर्ड नव्या तऱ्हेचा, तो चालणार नाही. जुनी फळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात ग्राहकाला आत सोडत नव्हते, ऑनलाइन मागवायचं तर तीन आठवडे. मी म्हटलं, फळी आहे की घरात. यतिनच्या मुंजीचे दोन सागवानी पाट मी कधीच्या काळी बॅगेत घालून इथे आणले होते, कोपऱ्यांना पितळी फुलं असलेले. वीणाने त्यातल्या एकावर प्रिंटर ठेवला होता. मी प्रिंटर जमिनीवर ठेवला. जो तो आपापल्या लायकीच्या जागी असलेला बरा.

चाकं दिली समोरच्या टेरीने. टेरी म्हणजे सत्तरीचा गोरा म्हातारा, दोन्ही गुडघ्यांनी अधू, आणि ते गुडघे लहानपणी याच धंद्यात गेले असं तो अभिमानाने सांगतो. त्याने गॅरेजमधून लोखंडी चाकांचे जुने रोलर स्केट काढले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून आमच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे दारापुढच्या सरकारी गवतावर, ठेवले आणि तीन पावलं मागे जाऊन ओरडला, "देअर यू गो, लव्ह!"

"लव्ह कुणाला म्हणतो हा?" मी सुखदाला विचारलं.

"आजी, ही कॉल्स एव्हरीवन दॅट. पोस्टमनला पण."

पोस्टमनला म्हणत असेल तर माझी हरकत नव्हती. डबा रिकामा परत करायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून त्यात बेसनाचे लाडू घालून पाठवले. त्या दिवसापासून टेरी रोज समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसू लागला आणि रस्त्यापलीकडून सल्ले देऊ लागला. पहिला सल्ला: त्या काळी पोरं अनवाणी असत. दुसरा: सुरुवातीला कुणी उभं राहत नसे, सगळे बुडावर बसूनच उतारावरून यायचे. हा दुसरा सल्ला मी लक्षात ठेवला.

सल्ल्यांच्या बाबतीत टेरी एकटा असता तर निभलं असतं. पण आमच्या शेजारी दीनानाथ राहतो. मूळचा नाशिकचा, मोठ्या कंपनीत 'कम्प्लायन्स' नावाच्या खात्यात. त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांनी नियम पाळलेत का ते बघणं. त्याचं डोकं कुंपणावर उगवलं की समजावं, नियम आला. "काकू, स्क्रू किती एमएमचे लावताय? भाराचं गणित केलंय का? मी एक पीडीएफ पाठवतो."

"पाठव," मी म्हटलं, "स्क्रू बसला नाही तर ती खाली घालेन."

मी पाना घेऊन बसले. एका स्केटचे दोन तुकडे केले, पुढचा पाटाच्या पुढच्या पट्टीला, मागचा मागच्या पट्टीला. चाकांतले छर्रे काढले, मोजले, पुसले, परत भरले. एक चाक डुगडुगत होतं, त्याला वॉशर घातला. सुखदाने सगळं जवळून शूट केलं: फक्त हात, पाना आणि चाकं. म्हणाली, "आजी, युअर हँड्स आर अमेझिंग." तीस वर्षं त्या हातांनी गावाची पंक्चरं काढली, तेव्हा कुणाला अमेझिंग वाटले नव्हते.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. ती मी लपवणार नाही, कारण दीनानाथने ती व्हॉट्सॲपवर आधीच जाहीर केली आहे. घरात ग्रीस नव्हतं. मी छर्ऱ्यांना खोबरेल घातलं. हीटरशेजारी ठेवून पातळ केलं आणि घातलं. घरात चाकं अशी फिरली की फिरकी मारून चहा गाळून आले तरी फिरतच होती. खोबरेल थंडीत गोठतं हे मला माहीत नाही असं नाही. मिरजेतही डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. पण इकडे ऑगस्टात थंडी असते हे माझ्या हाडांना अजून पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा डिग्रीत सुखदा फुटपाथवर पाटावर उभी राहिली, एक पाय मारला, दोन हात अंतर गेली आणि चारी चाकं एकदम थांबली. पाट थांबला. सुखदा थांबली नाही.

मनगट मुरगळलं. डॉक्टर फोनवरच, म्हणाले, हात कॅमेऱ्यासमोर धरा, आता वळवा, आता ओरडा. मोडलेलं नाही, तीन आठवडे पट्टी. सिनेमा पाठवायचा शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. तो दिवस शनिवार.

"इट्स ओव्हर," सुखदा म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. फ्रिजवरचा कागद तसाच. यतिन त्याच्यासमोर जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सिव्हिलही काही वाईट नाही गं आई." मी पाना उचलला. चाकं उघडली, भांडी घासायच्या साबणाने धुतली, आणि यतिनने घरच्या घरी केस कापायला जे यंत्र मागवलं होतं, त्याच्यासोबत आलेली तेलाची इवलीशी बाटली छर्ऱ्यांत रिकामी केली. मग दार ठोठावलं. "पट्टी डाव्या हाताला आहे. कॅमेरा उजव्या हातात धरतात. ऊठ."

"हू विल राइड, आजी? बाबा इज नाइन्टी किलोज."

सिनेमात काम करणार नाही हे मी तीन वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. पोरीचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, "फक्त पाय दिसतील. गुडघ्याखाली. आणि मी उभ्याने उतरणार नाही; टेरी म्हणालाय, बसूनच उतरायचे."

आता आला फॉर्म. शाळेचा नियम असा की सिनेमात ज्याचं जे काही दिसेल त्याची लेखी परवानगी हवी. पायांचीसुद्धा. मी अंगठा देत नाही, सही करते, पण वाचल्याशिवाय करत नाही. ही आमच्या ह्यांची शिकवण नाही. मीच त्यांना जन्मभर सांगत आले. फॉर्म इंग्रजीत. भाषांतर मागितलं तर शाळेच्या वेबसाइटवरून रविवारी हिंदी आलं. त्यात लिहिलं होतं की अधोहस्ताक्षरी आपल्या स्वरूपाच्या उपयोगाला सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, अनंत काळासाठी अनुमती देत आहे. मी म्हटलं, पाय गुडघ्याखालचे आणि परवानगी संपूर्ण विश्वाची? शेवटी सुखदाने वहीच्या कागदावर, रविवारच्या मराठी शाळेत शिकली तेवढ्या अक्षरांत, लिहिलं: 'आजी, तुझे पाय मी सिनेमात दाखवू का?' मी खाली लिहिलं: 'दाखव', आणि सही केली. शाळेने तो कागद ठेवून घेतला. संपूर्ण विश्वाचं काय झालं कळलं नाही.

मग जागा. आम्ही राहतो त्या ट्रुगानिना भागात घरं नवी, रस्ते नवे आणि जमीन इतकी सपाट की वाटाणा ठेवला तर संध्याकाळी तिथेच सापडेल. स्केटपार्कला पिवळी टेप लावलेली. उतार एकच, वसाहतीच्या टोकाला: पावसाचं पाणी साठवायचा मोठा खड्डा, त्यात उतरणारी सिमेंटची घसरण, तळाला थोडं पाणी, लव्हाळे आणि बदकं. सुखदा म्हणाली, हाच आपला कोरडा पूल. यतिनने नगरपालिकेला रीतसर परवानगीचा मेल टाकला. उत्तर आलं की शूटिंगचा परवाना लागेल, विमा लागेल, वाहतुकीचा आराखडा लागेल, आणि दहा कामाचे दिवस लागतील. यतिनने एक्सेलमध्ये वाहतुकीचा आराखडा केलासुद्धा. त्यात वाहन एक, पाट.

"दहा दिवस नाहीत," मी म्हटलं. "आम्ही व्यायामाला जातो. व्यायामाला परवाना लागत नाही."

कुंपणावर डोकं उगवलं. "पण काकू, शूटिंग हा व्यायाम धरतात का? ग्रे एरिया आहे."

"दीनानाथ, तू घरात जा."

"नाही, मी आपला क्लॅरिफाय करून ठेवतो."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण मी पूजेच्या गडबडीत होते. सुखदा पडली कशामुळे, खोबरेलामुळे हे एक कारण. पण नवं वाहन पूजेशिवाय रस्त्यावर काढलं हे मोठं कारण. तेव्हा सोमवारी दुपारी पाटाला हळदकुंकू वाहिलं, अंगणात नारळ फोडला, आणि चाकांखाली ठेवायला लिंबं हवीत म्हणून दीनानाथच्या झाडाची मागितली. ही मेलबर्नची लिंबं, मोसंब्याएवढी. आणि चाकं पेढ्याएवढी. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली तर चाकं लिंबांवर टेकेचनात. पाटाचं लाकूडच लिंबांवर बसलं आणि चाकं हवेत लोंबकळली. यतिन म्हणाला, "आई, ही रिक्षा नाही." मी लिंबं अर्धी कापून ठेवली आणि पाट जोर लावून वरून नेला. रस उडाला, शास्त्र झालं. बिया कुठे गेल्या ते मी बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी नि सुखदा निघालो. मी यतिनची जुनी पँट घातली होती. ती कॅमेऱ्यापुरती, आणि वरून शाल. डोक्याला सुखदाचं सायकलचं हेल्मेट, तोंडाला मास्क, पाय अनवाणी. टेरी खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांकडे बघता हा मोठा मान होता. घड्याळ लावलं. आठ वाजून दहा मिनिटं.

पहिल्या अर्ध्या तासात उभ्या पायांचे शॉट झाले, सपाट जागेवर, मी सुखदाचा खांदा धरून. पाय गारठून वांग्यासारखे जांभळे झाले होते. "ब्यूटिफुल कलर," सुखदा म्हणाली. मग घसरणीच्या माथ्यावर मी पाट ठेवला आणि मांडी घालून बसले, जशी कुणीही पाटावर बसते. सुखदा अर्ध्या उतारावर कॅमेरा घेऊन. इतक्यात पोलिसांची गाडी थांबली.

दोघं उतरले. एक गोरी ठेंगणी पोरगी, एक आपल्याकडचा दिसणारा उंच मुलगा. तो माझ्याजवळ आला, मला पाहिलं, पाट पाहिला, चाकं पाहिली.

"माँजी, नमस्ते. ये क्या चल रहा है?"

"व्यायाम," मी म्हटलं.

"बैठ के?"

"योगा बैठके ही करते है."

तो खाली वाकला. "लेकिन नीचे पहिये हैं."

"इस उमर में पाव चलता नहीं, तो चाक लगाया."

ठेंगणीने त्याला काहीतरी विचारलं. त्याने तिला इंग्रजीत समजावलं. तिने पुन्हा चाकांकडे बघितलं. तो म्हणाला, "देखिए माँजी, एक्सरसाइज अलाउड है, शूटिंग नहीं. हमको रिपोर्ट है कि यहाँ फिल्म बन रही है."

"किसने बताया?"

"नाम नहीं बता सकते. बहुत शरीफ आदमी था. बस पूछ रहा था कि इसका कोई पीडीएफ है क्या."

मला पुढे विचारायची गरज उरली नाही.

"तो ये बच्ची वीडियो क्यों ले रही है?"

"गाव में हमारी भावज है, रेखा. उसको भरोसा नहीं कि मैं रोज व्यायाम करती हूँ." हे अर्धं खरं होतं. रेखाला माझ्या कशावरच भरोसा नाही.

पोलिसाने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही घरी कुणीतरी म्हातारी असणार. चेहरा ओळखता येतो. "ठीक है. व्यायाम है तो करके दिखाइए. एक बार. धीरे से."

आता उतरले नाही तर खोटी ठरते, आणि सिनेमा जातो. उतरले तर उतरले. खाली सुखदा. तिने कॅमेरा उचलला आणि एकच शब्द बोलली: "आजी." ॲक्शन म्हणाली नाही, पोलीस होते ना. मी हाताने सिमेंट मागे ढकललं.

चाकं छान चालली हे मी दुकानाच्या अब्रूसाठी नोंदवते. आवाज एकसारखा, डुगडुग नाही. अर्ध्या उतारापर्यंत माझ्या मनात एकच विचार आला, की हे मी साठ वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. तेवढ्यात मागच्या डाव्या चाकात कट्ट झालं. लिंबाची बी. चाक अडकलं, पाट गर्रकन फिरला, आणि उरलेला उतार मी उलट्या दिशेने उतरले. तोंड पोलिसाकडे, पाठ बदकांकडे. पोलीस "माँजी! माँजी!" करत उतारावरून धावत सुटला. घातलेली मांडी मी अजून मोडली नव्हती. पाट काठाला आपटून थांबला, मी थांबले नाही. बसल्या जागी पाणी कमरेपर्यंत होतं, आणि बदकं फार उद्धट.

त्याने मला बाहेर काढलं. ठेंगणीने स्वतःचं जाकीट माझ्या अंगावर टाकलं. सुखदा उतारावर उभी, कॅमेरा डोळ्याला. तिने तो खाली ठेवला नाही. मला त्याचा राग आला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. मी स्वतः तापातही गिऱ्हाईक सोडलेलं नाही.

दंड झाला नाही. पोलीस म्हणाला, "माँजी, ये व्यायाम कल से बंद. और भावज को जो भेजना है भेजिए, लेकिन उसमें मेरा फेस नहीं आना चाहिए." आणि घड्याळ बघून, "आपके चार मिनट बचे हैं."

"सहा," मी म्हटलं. तो तपासून बघत होता तोवर आम्ही निघालो.

घरी वाफारा, हळदीचं दूध आणि दीनानाथ. तो कुंपणापलीकडून तीनदा "काकू, मी फक्त विचारलं" म्हणाला. मी त्याला इतकंच म्हटलं की तुझ्या झाडाला बिया फार आहेत. त्याला वाटलं मी लिंबांबद्दल बोलतेय, आणि खरोखर मी लिंबांबद्दलच बोलत होते.

पुढचे तीन दिवस सुखदा एका हाताने कापत-जोडत बसली आणि यतिन तिच्या पाठीशी उभा राहिला. आधी चहा द्यायला म्हणून, मग "तो बुटांचा शॉट अजून दोन सेकंद ठेव" म्हणायला. कारण हाच शॉट सोन्यासारखा आला होता: पाट सुटलाय, आणि मागून पोलिसांचे काळे बूट उतारावरून धावतायत. चेहरा नाही, नुसते बूट. बुटांत पाय कुणाचे ते शाळेने विचारलं नाही. जुन्या काळात पोलीस पोरांच्या मागे लागायचे, तसे हुबेहूब. सगळा सिनेमाच असा झाला: हात, पाय, बूट, चाकं आणि यतिनची पाठ. माझ्या नातीच्या सिनेमात कुणालाच डोकं नाही. शुक्रवारी चारला तीन मिनिटं कमी असताना तो गेला.

निकाल महिन्याने आला. तोवर व्यायामाचा एक तास वाढून दोन तास झाले होते आणि लोक त्याचंच कौतुक करत होते. युनीच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी संध्याकाळी. यतिनने सिव्हिल इंजिनिअरिंग भरून ठेवलं होतं, बटण दाबायचं राहिलं होतं. सुखदाने मेल उघडला, वाचला, आणि लॅपटॉप बापाकडे सरकवला. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

बी प्लस.

वीणाला त्या दिवशी सुट्टी होती. ती सुखदाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. यतिन खाली लिहिलेला मीडियाच्या बाईंचा शेरा वाचू लागला, मोठ्याने, मला कळावं म्हणून मराठी करत. "हातांची आणि पायांची दृश्यं अत्यंत खरी... पाठलागाचा प्रसंग उत्कृष्ट..." मग तो थांबला.

"पुढे वाच," मी म्हटलं.

"'मात्र सुरुवातीच्या प्रसंगातला, पाठमोरा उभा असलेला मुलगा...'" त्याचा आवाज बदलला. "'...अजिबात पटत नाही. त्याच्या पाठीत कसलीच भावना दिसत नाही.'"

"कसलीच भावना?" यतिन म्हणाला. "कसलीच? खांदे बघितले का तिने माझे? आठ टेक दिलेत मी! मीटिंग सोडून!" तो उठून उभा राहिला, पाठ फिरवली आणि आम्हाला खांदे पाडून दाखवले. "वीणा, सांग, ही निराशा नाही? ही काय आहे मग?"

"निराशाच आहे रे," वीणा म्हणाली.

"सिनेमातलं ओ की ठो कळत नाही त्या बाईला! ती चादर, तो वारा, ते टेबल धरायची पद्धत... संपूर्ण सिनेमा त्या शॉटवर उभा आहे! मी लिहितो तिला. आत्ता लिहितो." आणि तो खरंच बसला. दोन पानं झाली. मध्ये मध्ये वाचून दाखवत होता: या मुलीची नजर, या वयात, या परिस्थितीत, मोडक्या हाताने, इतका प्रामाणिक सिनेमा. सुखदा तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिसऱ्या पानावर मी जवळ खुर्ची घेतली.

"म्हणजे तुझ्या मते बी प्लस चूक?"

"सरळ सरळ अन्याय आहे, आई."

"मग किती द्यायला हवे होते?"

"किती म्हणजे? ए! ए प्लस!"

"त्या बाईचं ऐकायचं की तुझं?"

"तिला काय कळतंय!"

"मग तिच्या मार्कांवर फॉर्म कशाला भरतोस?" मी म्हटलं. "ज्याला कळतं त्याच्या मार्कांवर भर."

यतिनचा राग अजून कानापर्यंत होता. मी सुखदाला डोळ्याने खुणावलं. पोरगी माझीच नात, तिने फॉर्मची खिडकी त्याच्यासमोर उघडली. त्याने सिव्हिल खोडलं, सिनेमा घातला, आणि बाईंच्या नावाने काहीतरी पुटपुटत बटण दाबलं, इतक्या जोरात की टेबल हललं.

वीणा स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला, म्हणजे हसताना ऐकू येऊ नये.

पत्र पूर्ण व्हायला अर्धा तास लागला. मग हळूहळू यतिनच्या कानांतला राग उतरला. त्याने चष्मा काढून पुसला, पडद्याकडे बघितलं, सुखदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "मी आत्ता काय केलं?"

"जेवायची पानं घेतलीत," मी म्हटलं. "हात धुऊन ये."